गुरुवारची सुट्टी, रविवारचा डोंगर

पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी 'लाँग वीकएण्ड' म्हणालं, की मी आधी विचारते, कुणाचा? हिंजवडीत संगणकापुढे बसणाऱ्यांचा शनिवार-रविवार असतो. चाकणच्या बऱ्याच मोठ्या कारखान्यांना रविवारी सुट्टी असते. आणि भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीतल्या कित्येक लहान-मध्यम कारखान्यांची सुट्टी असते गुरुवारी. ही गुरुवारची पद्धत विजेपायी आली. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी यंत्रं बंद ठेवायची आणि उरलेले सहा दिवस एकदम चालवायची, तर विजेचा भार पेलायचा कसा? म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले. आपल्या वाट्याला गुरुवार आला.

मी सत्तावीस वर्षं भोसरीतल्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात, प्लॅनिंग खात्यात नोकरी केली. माझी सुट्टी गुरुवारी. आमचे हे चाकणला, त्यांची सुट्टी रविवारी, शिवाय शिफ्ट फिरती. मुलांच्या शाळेला रविवार. घरातली चारही माणसं एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून दुपारचं जेवली, असे दिवस वर्षात बोटांवर मोजण्याइतके. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत हीच तऱ्हा होती आणि आजही आहे. तेव्हा तीन दिवस सगळे मिळून डोंगरात जाऊन येणं ही आपल्याकडे चैन नसते. ती एक जुळवाजुळव असते, आणि ती नीट केली तरच ते तीन दिवस हाती लागतात. आज मी त्या जुळवाजुळवीबद्दल बोलणार आहे.

सुरुवात कॅलेंडरपासून. बहुतेक लोक आधी ठिकाण ठरवतात आणि मग तारीख शोधतात. मी उलट करायला सांगेन. जानेवारीत भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं, की २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि तुमच्या कंपनीच्या यादीतल्या सणांच्या सुट्ट्या कोणत्या वारी येतात ते बघा. वार वाईट निघाला तर काय होतं, त्याचं उदाहरण २०२५ चं. त्या वर्षी २ ऑक्टोबरला गांधी जयंती होती, दसराही त्याच दिवशी होता, आणि वार होता गुरुवार. गुरुवारची सुट्टी असणाऱ्यांच्या तीन सुट्ट्या एका दिवसात खर्ची पडल्या! याउलट २०२६ मध्ये १ मे आणि २ ऑक्टोबर हे दोन्ही दिवस शुक्रवारी येतात. शुक्रवार हा आपल्यासारख्या मिश्र घरांसाठी सोन्यासारखा वार आहे.

का ते सांगते. समजा, घरात एकाची सुट्टी गुरुवारी आणि दुसऱ्याची रविवारी आहे, आणि सण आला शुक्रवारी. शुक्रवार-शनिवार-रविवार गेलात, तर गुरुवारवाल्याला दोन रजा आणि रविवारवाल्याला एक रजा टाकावी लागते. गुरुवार-शुक्रवार-शनिवार गेलात, तर गुरुवारवाल्याला एक आणि रविवारवाल्याला दोन. कुठूनही मोजा, घरातून रजा तीनच जातात; प्रश्न फक्त कुणाच्या खात्यातून. माझं मत विचाराल तर गुरुवार ते शनिवार. मुलांची शाळा थोडी बुडते हे खरं. पण पुण्या-मुंबईची निम्मी गर्दी शुक्रवारी दुपारी घराबाहेर पडते, तेव्हा तुम्ही एक मुक्काम करून मोकळे झालेले असता. गुरुवारी रात्री खोली हवी तशी मिळते, आणि शनिवारी संध्याकाळी सगळं जग डोंगराकडे तोंड करून उभं असताना तुम्ही उलट्या दिशेनं घरी पोहोचता. रविवारी कपडे धुवायला एक माणूस घरी असतो, हाही फायदा लहान नाही.

रजेचा अर्ज महिनाभर आधी टाकावा. आणि महिनाअखेरीला रजा मागू नये. माल बाहेर काढायची घाई असते, साहेब नाही म्हणणारच. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली रजा सहसा मंजूर होते, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं सांगते आहे.

तारीख ठरली, आता ठिकाण. तीन दिवस म्हटलं, की घरातलं कुणीतरी 'मनाली' म्हणतंच. टीव्हीवर बर्फ बघितलेला असतो. मी लगेच कागद घेते. पुण्याहून विमानानं दिल्ली दोन तास. त्याआधी पिंपरीहून लोहगाव आणि विमानतळावरचं थांबणं मिळून तीन-चार तास. दिल्लीहून मनाली पाचशेहून जास्त किलोमीटर, बसनं रात्रभराचा प्रवास. म्हणजे जायला एक पूर्ण दिवस आणि रात्र, यायला तेवढंच. तीन दिवसांतले दोन खुर्चीत बसून गेले. हिमालयाला आठ-दहा दिवस द्यावेत, तो तीन दिवसांत उरकायचा नसतो. तीन दिवसांच्या सहलीत किलोमीटर मोजू नयेत, उजेडाचे तास मोजावेत. तीन दिवसांत उजेडाचे साधारण छत्तीस तास मिळतात. त्यांतले सात-आठ प्रवासात गेले तर ठीक, त्याहून जास्त गेले तर ठिकाण बदला.

या हिशोबानं आपल्यासाठी सह्याद्रीच उरतो, आणि तो काही कमी नाही. पश्चिमेला लोणावळा-खंडाळा, पवनेचं धरण, लोहगड. हे सगळं इतकं जवळ आहे, की त्यासाठी तीन दिवस राखून ठेवू नयेत. तिथं सुट्टीच्या गुरुवारी सकाळी जाऊन दुपारी परत यावं. शिवाय लांबलेल्या सुट्टीत तिथं पुण्याची आणि मुंबईची गर्दी समोरासमोर येऊन भिडते. माझा कौल उत्तरेला, जुन्नरला. पिंपरीहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव आणि तिथून डावीकडे पंधराएक किलोमीटरवर जुन्नर. सगळं मिळून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, पण अजूनही तो महाबळेश्वरसारखा दुकानांनी भरलेला नाही. एका तालुक्यात शिवजन्माचा किल्ला, अष्टविनायकांतले दोन गणपती, दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी घाट, पाच-सहा धरणं आणि वर माळशेजचा कडा. तीन दिवसांना पुरून उरेल एवढं आहे.

आता रस्ता. कारखान्यात आम्ही प्लॅनिंग करताना सगळ्यांत आधी एक यंत्र शोधायचो, ज्याच्यापाशी माल तुंबतो. बाकीची यंत्रं कितीही वेगानं पळवा, त्या एका यंत्राच्या वेगानंच माल बाहेर पडतो. या प्रवासातलं ते यंत्र म्हणजे चाकण. चाकणच्या तळेगाव चौकात नाशिकचा रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता एकमेकांना छेदतात. मुंबईकडून येऊन नगर रस्त्याला जाणारे ट्रेलर, कारखान्यांचा कच्चा माल, तयार गाड्या वाहून नेणारे लांबलचक कंटेनर, कामगारांच्या बस आणि आपल्यासारखी सहलीची मंडळी, सगळी त्या एका चौकात. पुढे राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव इथं गेल्या काही वर्षांत बायपास झाले, त्यामुळे चाकण सुटलं की गाडी सुटते. तेव्हा सगळा हिशोब चाकणपासून उलटा मांडायचा. पहिल्या शिफ्टच्या बस सकाळी साडेपाचनंतर रस्त्यावर येतात. त्याआधी चाकण ओलांडायचं म्हणजे पिंपरीतून साडेचारला निघायचं. नाशिक फाट्यापासून चाकण पहाटे अर्ध्या तासात होतं. तेच अंतर नऊ वाजता दीड तासही खातं. लक्षात ठेवा, गुरुवार हा आपल्या भोसरीला सुट्टीचा वार असला तरी चाकणला कामाचाच असतो. पहाटे उठायला मुलं कुरकुरतात. त्यांना पांघरुणासकट गाडीत घालावं, मंचरला उजाडतं तेव्हा आपोआप उठतात.

गाडी नसेल तरी अडत नाही. नारायणगाव, जुन्नरकडे जाणाऱ्या एस.टी. भोसरीवरून मिळतात. एस.टी.त महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे. आजी बरोबर असेल तर तिचं आधारकार्ड विसरू नका. जुन्नरला उतरून दिवसभरासाठी जीप ठरवावी. चार जणांच्या कुटुंबाला स्वतःच्या गाडीच्या पेट्रोलपेक्षा हे फार महाग पडत नाही, आणि वडील माणसालाही खिडकीतून बाहेर बघता येतं. घाटात गाडी चालवणाऱ्याला डोंगर दिसत नसतो, फक्त पुढचं वळण दिसतं.

मुक्काम एकच करावा. हे मी जरा आग्रहानं सांगते, कारण प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींनी आपल्याला रोज नवीन गाव गाठायची सवय लावली आहे. मुक्काम हलवला, की सामान बांधणं, गाडीत भरणं, खोलीची वाट बघणं यांत चांगले चार तास जातात. जुन्नर परिसरात लॉज आहेत, शेतावरची कृषी पर्यटन केंद्रं आहेत, माळशेजला एमटीडीसीचं निवासस्थान आहे. कुठंही राहा, पण तिन्ही दिवस तिथंच परत या. पिशव्या खोलीत राहतात, आजीला एखाद्या दिवशी 'मी नाही येत, तुम्ही जा' असं म्हणता येतं. हे स्वातंत्र्य म्हाताऱ्या माणसांना फार हवं असतं. ते मागत नाहीत एवढंच.

दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवावी. पहिल्या दिवशी शिवनेरी. पहाटे निघालेले असल्यानं आठच्या आत पायथ्याशी पोहोचता येतं. पायऱ्यांची वाट आहे, वाटेत एकामागोमाग सात दरवाजे. सावकाश चढलं तरी तास-सव्वातासात शिवाई देवीचं देऊळ मागे टाकून माथ्यावर जाता येतं. अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, शिवजन्माची इमारत, आणि टोकाला कडेलोट. १९ फेब्रुवारी १६३० ला महाराजांचा जन्म झाला ती ही जागा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यांत शिवनेरी आहे. एप्रिल-मेमध्ये गेलात तर कड्याला लटकलेली आग्या मोहोळं सांभाळा. तिथं आरडाओरडा, धूर आणि अंगावर उग्र अत्तर, तिन्ही टाळावं. दुपारी उतरून जेवण, झोप, आणि ऊन कललं की ओझरचा विघ्नेश्वर. ओझरचं देऊळ कुकडी नदीच्या काठी सपाटीला आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं. लेण्याद्रीचा गिरिजात्मज मात्र बौद्ध लेण्यांच्या रांगेत डोंगरावर आहे, तिथं तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. तो शिवनेरीच्याच दिवशी घेऊ नये. आणि कॅलेंडरवर संकष्टी आहे का ते आधी बघा. असेल तर गणपतीचे दोन्ही कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर ढकला.

दुसरा दिवस नाणेघाटाचा. जुन्नरहून पश्चिमेला तीसेक किलोमीटर. जुन्नर सोडण्याआधी पेट्रोल भरून घ्यावं आणि घरी फोन करून घ्यावा, कारण पुढे मोबाईलचा भरवसा नाही. घाटघर गाव मागे पडलं की पठार लागतं, आणि ते पठार एके ठिकाणी चाकूनं कापल्यासारखं संपतं. समोर कोकण. एका बाजूला नानाचा अंगठा, दुसरीकडे जीवधन किल्ला आणि त्याला लागून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका. दोन कड्यांच्या मधून दगडी घळ खाली उतरते, तोच नाणेघाट. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल या घळीतून जुन्नरला आणि पुढे सातवाहनांच्या पैठणला जायचा. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्यांकडून जकात घेऊन त्यात टाकत, अशी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट आहे.

घळीत थोडं उतरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर लेख कोरलेली गुहा लागते. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे: गाई किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती. संख्या अंकांत कोरल्या आहेत. अंक दाखवणाऱ्या भारतातल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये याची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वर कोरलेली नावं आणि खाली काही पावलं एवढंच शिल्लक आहे. सत्तावीस वर्षं मालाच्या याद्या करण्यात घालवलेल्या बाईला तिथं काय वाटत असेल, याची कल्पना करा! दोन हजार वर्षांपूर्वीचा हा कागदपत्रांचा दगड बघायला लोक येतात आणि पाच मिनिटांत फोटो काढून निघून जातात. मुलांना तिथं अर्धा तास बसवावं, आणि त्या ओळींतले अंक कोणते असतील ते शोधायला लावावं.

पावसाळ्यात नाणेघाटात कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडताना दिसतं. यात चमत्कार नाही. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटतो, त्या अरुंद खाचेत दाबला जाऊन वर उसळतो, आणि पडणाऱ्या पातळ धारेला उचलून पुन्हा पठारावर फेकतो. धार पातळ आणि वारा जोरात असला तरच हे होतं. ते बघायला लोक कड्याच्या टोकाशी जातात. वारा पाणी उचलतो तसा छत्रीसकट माणसालाही ढकलतो, एवढं ध्यानात ठेवून कठड्याच्या अलीकडे थांबावं.

पावसाळ्याचा विषय निघाला आहे तर तो नीटच बोलायला हवा. डोंगरात जायचं तर पावसातच, असं आपल्याकडे समीकरण झालं आहे. ३० जून २०२४ ला, रविवारी, लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला धबधब्यात उभ्या असलेल्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लहान मुलं होती. १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला. चार माणसं गेली, पन्नासच्या वर जखमी झाली. कुंडमळा आपल्या निगडीपासून अर्ध्या-पाऊण तासावर. ही दोन्ही ठिकाणं कुणालाही अवघड वाटणारी नव्हती. माणसं डब्यात पोळी-भाजी घेऊन गेली होती.

ओढ्याचं पाणी अचानक कसं वाढतं, ते समजून घ्यायला हवं. आपण जिथं उभे असतो तिथं भुरभुर असते, ऊनही पडलेलं असतं. पण ओढ्याचं पाणी तिथल्या पावसाचं नसतं, ते वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचं असतं. सह्याद्रीचा कातळ काळा, घट्ट. पाणी आत जिरायला जागा कमी. माथ्यावर अर्धा तास जोराचा पाऊस झाला, की तो सगळा उतारावरून एकाच नाळेत जमा होतो आणि थोड्याच वेळात खाली येतो. येताना खुणा देतो. पाण्याचा रंग बदलून गढूळ होतो, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागतात, आवाज जड होतो. यातली एकही खूण दिसली की त्याच क्षणी बाहेर पडायचं, पिशवी-चप्पल तिथंच टाकून. पण त्याहून सोपा नियम असा, की पावसाळ्यात प्रवाहाच्या मधल्या दगडावर जायचंच नाही. पुण्याचे जिल्हाधिकारी पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी पाण्यात उतरायला बंदी घालतात. निघण्याआधी ते आदेश बघावेत. हवामान खात्याचा अंदाज बघताना 'पुणे' ही ओळ बघून थांबू नये. घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिलेला असतो. पिंपरीत रिमझिम असते तेव्हा घाटमाथ्यावर धो-धो असू शकतो. घाटमाथ्याला रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर सहल पुढे ढकलायची. खोलीचे आगाऊ दिलेले पैसे बुडतील. बुडू द्यावेत. खोली ठरवतानाच, इशारा आला तर तारीख बदलून मिळेल का, हे विचारून ठेवलं तर तेही बुडत नाहीत.

दरड हा दुसरा धोका. जुन्नरला लागूनच दक्षिणेला आंबेगाव तालुका. तिथं डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरात माळीण गाव होतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा एक भाग सुटला आणि गाव गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एस.टी.च्या एका ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या रस्त्यानं गाडी घेऊन आला, तर समोर गाव नव्हतं. असं का होतं? कातळावर माती-मुरुमाचा थर असतो. सलग पाऊस लागला की तो थर पाणी पिऊन जड होतो, आणि खालच्या कातळावरून घसरतो. म्हणून एका दिवसाच्या मोठ्या पावसापेक्षा तीन-चार दिवस लागून राहिलेला पाऊस जास्त घातक. अशा पावसानंतर माळशेजच्या रस्त्यावरही दगड येतात, वाहतूक थांबवावी लागते. उतारावर नव्या भेगा, एका बाजूला कललेली झाडं, नव्यानं फुटलेला गढूळ झरा दिसला तर तिथं गाडी थांबवून फोटो काढू नये. आपण जे हिरवं चित्र बघायला जातो, त्या चित्रात माणसं राहतात आणि हा पाऊस दर वर्षी अंगावर घेतात, हे मला माळीणनंतर कधीच विसरता आलेलं नाही.

म्हणून मी ऑक्टोबरचा पहिला आठवडा सुचवते. पाऊस परतीच्या वाटेवर असतो, गवत अजून हिरवं असतं, टाक्यांत पाणी भरलेलं असतं, धबधबे बारीक पण चालू असतात, आणि धुकं नसल्यानं नाणेघाटातून कोकण खरोखर दिसतं. जुलैत तिथं जाऊन पांढऱ्या भिंतीचे फोटो घेऊन आलेली कितीतरी मंडळी मला माहीत आहेत. दुपारी वीज कडाडून एखादी सर येते, तेव्हा मोठी चढण सकाळीच आटोपावी. जानेवारी-फेब्रुवारी हा दुसरा चांगला काळ. थंडी असते आणि जुन्नर-नारायणगावची द्राक्षं तयार झालेली असतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास गेलात, तर नारायणगावजवळ खोडदची जी.एम.आर.टी. ही मोठी रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत तिथं, दूरदूर पसरलेल्या. आणि पाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रेवाले सुपारी द्यायला येतात. तो बाजार तिकीट न काढता बघण्यासारखा असतो.

घाटघरसारख्या गावांत जेवण मिळतं, पण हॉटेलासारखं गेल्याबरोबर नाही. कुणाच्या तरी घरी चूल पेटवून होतं. आदल्या दिवशी माणसं किती ते कळवावं. भाकरी, भात, आमटी, एखादी रानभाजी. इथली बरीचशी वस्ती महादेव कोळी समाजाची. जंगलातला हिरडा गोळा करून विकणं हा त्यांचा जुना आधार. ठरलेले पैसे द्यावेत, घासाघीस करू नये. शहरात चहा-सँडविचला आपण मुकाट्यानं देतो तेवढ्यात इथं पोटभर जेवण होतं. जुन्नरला परत आल्यावर रात्री मासवडी मागा. नावात मासा असला तरी ती बेसनाची शाकाहारी वडी आहे, आजीला घाबरवू नका.

अंधार पडल्यावर मात्र शेतातल्या वाटेनं पाय मोकळे करायला जायचं नाही. कुकडीच्या कालव्यांनी ऊस वाढला, आणि बिबट्या जंगल सोडून उसात राहू लागला. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, त्यावरून संख्येचा अंदाज यावा. दिवसाही सावध राहावं. दिवेलागणीनंतर लहान मुलाला एकटं अंगणात सोडू नये, बाहेर जायचंच झालं तर बॅटरी घेऊन चार माणसांनी बोलत जावं. गावातली माणसं हेच करतात.

तिसरा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवते. उत्पादनाच्या आराखड्यात आम्ही कधी शंभर टक्के वेळ भरत नसू. कुठलं तरी यंत्र बिघडणार, कुणीतरी गैरहजर राहणार हे धरूनच चालायचं. सहलीतही कुणाचं तरी पोट बिघडतं, पहिल्या दिवशीचा कार्यक्रम पावसात जातो. काही बिघडलं नाही तर सकाळी लेण्याद्री करावं. पाय दुखत असतील तर मढच्या बाजूनं पिंपळगाव जोगे धरणाच्या काठाला जाऊन नुसतं बसावं. हिवाळ्यात पाणी उतरल्यावर तिथं पक्षी फार छान दिसतात. त्या दिवशी मुलांना काहीच 'दाखवायचं' नाही.

निघायची वेळ पुन्हा चाकणवरूनच ठरते. दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटते, साडेतीनपासून चौक भरायला लागतो. त्याआधी तिथून बाहेर पडायचं तर जुन्नर साडेबाराला सोडावं लागतं. ते जमत नसेल तर घाई करूच नये, चांगलं चारपर्यंत रेंगाळावं आणि रात्री नऊनंतर चाकण ओलांडावं. मधल्या वेळात नारायणगावला थांबावं. टोमॅटोचा मोठा बाजार आहे तिथला. सोमवारपासूनच्या डब्यांना पुरतील एवढे टोमॅटो घ्यावेत, आणि क्रेट मात्र गाडीत सगळ्यांत वर ठेवावा.